सोमालियातल्या खासगी विद्यापीठासोबत काम करायचं तर: कराराआधी, करारात आणि करारानंतर

पुण्याला सोमाली विद्यार्थी नवे नाहीत. इथे शिकून परत गेलेल्यांतले काही जण तिकडच्या खासगी विद्यापीठांत शिकवू लागतात, आणि मग कधीतरी त्यांच्या जुन्या कॉलेजला मेल येतो: सर, आपल्यात सामंजस्य करार होऊ शकेल का? यावर सहसा दोनपैकी एक घडतं. "सोमालिया? नको रे बाबा" म्हणून विषय मिटतो. नाहीतर ऑनलाइन बैठक होते, दोन्हीकडचे झेंडे लावून फोटो निघतो आणि करार कपाटात जाऊन पडतो. हा लेख या दोन्ही गोष्टी टाळू पाहणाऱ्या प्राचार्यांसाठी, संस्थाचालकांसाठी आणि आंतरराष्ट्रीय कक्षात बसणाऱ्यांसाठी आहे. तिकडे शिकवायला जावं का, असा विचार करणाऱ्या प्राध्यापकांनाही त्याचा उपयोग व्हावा.

माझं मत आधीच सांगतो. तिथल्या विद्यापीठांना आणखी एक विभाग किंवा आणखी पन्नास संगणक नको आहेत. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: बाहेरचा माणूस डोळे झाकून मान्य करेल अशी पदवीची नोंद आणि स्वतःचे, टिकून राहणारे शिक्षक. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींकडे जातात.

पायरी १: ही विद्यापीठं कुठून आली ते समजून घ्या

जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि तिच्यासोबत सोमाली राष्ट्रीय विद्यापीठही बंद पडलं. ते पुन्हा सुरू व्हायला २०१४ उजाडलं. मधली तेवीस वर्षं उच्च शिक्षण लोकांनीच चालवलं. जुन्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी जमून १९९७ मध्ये राजधानीत मोगादिशू विद्यापीठ काढलं. १९९८ मध्ये वायव्येकडच्या बोरामा शहरातल्या लोकांनी एका जुन्या माध्यमिक शाळेच्या आवारात अमूद विद्यापीठ सुरू केलं. १९९९ मध्ये कुवेती धर्मादाय मदतीतून व्यवस्थापन शिकवणारी एक संस्था निघाली, तीच २०११ मध्ये सिमाड विद्यापीठ झाली. वैद्यकीय शिक्षण डोळ्यांसमोर ठेवून २००२ मध्ये बनादिर विद्यापीठ आलं.

मग लाटच आली. मोगादिशूच्या हेरिटेज इन्स्टिट्यूट या अभ्यास संस्थेने २०१३ मध्ये ४४ संस्थांची पाहणी केली, तेव्हा त्यांत ५० हजारांहून जास्त विद्यार्थी होते आणि ४४ पैकी ३४ संस्था २००४ ते २०१२ या काळात निघालेल्या होत्या. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजं भराभर निघाली, पण तेव्हा निदान परवानगी नाकारू शकणारं सरकार जागेवर होतं. मोगादिशूत "नाही" म्हणणारंच कुणी नव्हतं. त्यामुळे एकाच रस्त्यावर पोटतिडकीने चालवलेलं विद्यापीठ भेटतं आणि दोन मजले भाड्याने घेऊन पाटी लावलेलंही भेटतं. दोघांच्याही वेबसाइट सारख्याच चकचकीत असतात.

पायरी २: मालक कोण आणि मान्यता कुणाची, हे कागदावर मागा

विद्यापीठ विश्वस्त मंडळाचं आहे, गावकीचं आहे, परदेशी धर्मादाय संस्थेचं आहे की भागधारकांचं? चारही प्रकार तिथे आहेत आणि कुठलाही मुळात वाईट नाही. पण नफा वाटून घेणारे भागधारक असतील तर तुमच्याकडून शिकून आलेल्या प्राध्यापकाला पगारवाढ कोण देणार, हे आधी कळायला हवं. घटनापत्र, मंडळाची यादी, सहीचा अधिकार कुणाला आणि बँक खातं कुणाच्या नावावर, एवढं तरी मागाच. मंडळावरचे सगळे एकाच कुळातले आहेत का, हेही तिथल्या माहितगाराकडून समजून घ्या. सोमालियात सत्तापदांची वाटणी कुळांनुसार होते आणि नेमणुकांवर तिची सावली पडते.

मान्यतेचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. मोगादिशूत केंद्रीय शिक्षण मंत्रालय आहे. ईशान्येकडच्या पुंटलँड या स्वायत्त राज्याचं स्वतःचं मंत्रालय आहे. सोमालीलँड १९९१ पासून स्वतःला वेगळा देश म्हणवतो आणि तिथली व्यवस्था पूर्ण स्वतंत्र आहे. तिथल्या राजधानीतल्या, म्हणजे हर्गेसातल्या विद्यापीठाला पत्र पाठवताना पत्त्यात "सोमालिया" लिहिलंत, तर पहिल्याच दिवशी मन दुखावतं. "सोमालीलँड प्रजासत्ताक" लिहिलंत, तर आपल्याकडच्या परराष्ट्र खात्याच्या भूमिकेशी विसंगत होतं. शहराचं नाव लिहा आणि थांबा.

वैद्यकीय शाखा असेल तर जागतिक वैद्यकीय महाविद्यालय निर्देशिकेत नाव आहे का ते बघा. सोमालिया २०२४ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायाचा पूर्ण सदस्य झाला. त्या समुदायाची आंतर-विद्यापीठ परिषद कंपालात आहे आणि सदस्य देशांतल्या पदव्यांची पातळी जुळवण्याची चौकट तिच्याकडे आहे. चांगल्या खासगी विद्यापीठासाठी ही सध्याची सगळ्यात मोठी संधी आहे असं मला वाटतं. नैरोबीत किंवा कंपालात चालणारी पदवी म्हणजे मोगादिशूतल्या मुलाला खऱ्या अर्थाने दुसरा बाजार. तुमचं भागीदार विद्यापीठ त्या दिशेने काय करतंय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा. उत्तरावरून बरंच कळतं.

आपल्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट असू द्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार संयुक्त किंवा दुहेरी पदवी द्यायची तर परदेशी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असावं लागतं. सोमालियातलं खासगी विद्यापीठ सहसा या चाळणीतून जात नाही. त्यामुळे "आपली दोघांची पदवी" असं आश्वासन कुणीही कुणालाही देऊ नये. शिक्षक प्रशिक्षण, पीएचडी मार्गदर्शन, अभ्यासक्रम पुनर्रचना, बाह्य परीक्षक या वाटा मोकळ्या आहेत आणि खरं काम तिथेच होतं.

पायरी ३: पैसा कुठून येतो ते पाहा

तिथे सरकारी अनुदान जवळपास नाही. उत्पन्न म्हणजे फी. फी डॉलरमध्ये ठरते आणि मोबाइलवरून येते: दक्षिणेत हॉर्मूड कंपनीची ईव्हीसी प्लस, सोमालीलँडमध्ये टेलेसोमची झाद. विद्यार्थिनी खिडकीसमोर उभी राहते, साध्या बटणांच्या फोनवर कोड दाबते, पिन टाकते, आणि ती फोन खाली घेईपर्यंत विद्यापीठाच्या फोनवर पैसे आल्याचा संदेश आलेला असतो. कारकून तिचा नंबर यादीशी ताडून पावती देतो. नोट कुठेच दिसत नाही. हिशेबाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. मागच्या दोन सत्रांचा तपशील मागितलात तर प्रामाणिक विद्यापीठ तो दाखवू शकतं.

पण त्या विद्यार्थिनीच्या फोनवर पैसे येतात कुठून? बरेचदा मिनियापोलिस, लंडन किंवा दुबईतल्या मामा-काकांकडून, परदेशातून पैसे पाठवणाऱ्या हवाला कंपन्यांमार्फत. २०१३ मध्ये बार्कलेज बँकेने या कंपन्यांची खाती बंद करायचं जाहीर केलं आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्चंट्स बँकेने तेच केलं, तेव्हा अख्ख्या देशाचा श्वास अडकला होता. दुष्काळ पडला की घरचे पैसे आधी पाण्याला आणि धान्याला जातात, फी मागे पडते. म्हणून दरवर्षी ठरावीक रकमेची हमी देणाऱ्या करारावर विसंबू नका. सत्रागणिक आणि कामागणिक बिल करा.

तुमच्याकडे येणाऱ्या पैशाबाबत मात्र कडक राहा. रक्कम विद्यापीठाच्याच नावाच्या खात्यातून, बँकेमार्फत यावी. तिऱ्हाईत व्यापाऱ्याच्या खात्यातून "सोयीसाठी" येणार असेल तर नको म्हणा. अल-शबाब ही दहशतवादी संघटना मोगादिशूतल्या व्यवसायांकडूनही खंडणी उकळते, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार नोंदवलं आहे, आणि ती संघटना निर्बंधांच्या यादीत आहे. तुमच्या बँकेने प्रश्न विचारण्याआधी कागद तयार हवेत. सेवेचं शुल्क आणि देणगी यांची गल्लतही होऊ देऊ नका. देणगी म्हटली की परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए आला, आणि मग लेखापरीक्षकाला समजावत बसावं लागतं.

पायरी ४: सुरक्षिततेचा आराखडा विद्यार्थ्यांपासून सुरू करा

आपण हा प्रश्न "आमचे सर तिकडे गेले तर?" इथूनच सुरू करतो. तिथला धोका आधी तिथल्यांना आहे. ३ डिसेंबर २००९ ला मोगादिशूच्या हॉटेल शामोमध्ये बनादिर विद्यापीठाचा पदवीदान समारंभ चालू असताना आत्मघाती स्फोट झाला. शिक्षण, उच्च शिक्षण आणि आरोग्य या तिन्ही खात्यांचे मंत्री, विद्यार्थी आणि पालक मारले गेले. ४ ऑक्टोबर २०११ ला शिक्षण मंत्रालयाच्या आवाराजवळ ट्रकबॉम्ब फुटला, तेव्हा तिथे तुर्की शिष्यवृत्तीचा निकाल पाहायला मुलं आणि पालक जमले होते. २८ डिसेंबर २०१९ ला एका तपासनाक्यावरच्या स्फोटात ऐंशीच्या वर माणसं गेली, त्यांत बसने विद्यापीठात निघालेले बनादिरचे विद्यार्थी होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालयासमोरचाच चौक लक्ष्य झाला.

यांतल्या दोन घटनांत आधी जाहीर झालेल्या ठिकाणी, ठरल्या वेळी गर्दी जमली होती. त्यावरून कामाच्या काही गोष्टी ठरतात. करारावर सही करायचा समारंभ मोगादिशूत करू नका. प्रवेशपरीक्षा किंवा मुलाखत एकाच दिवशी एकाच सभागृहात घेऊ नका, ती फोनवर किंवा छोट्या तुकड्यांत घ्या. निवड झालेल्यांची नावं आणि फोटो समाजमाध्यमावर टाकू नका, आपल्या जनसंपर्क विभागाला कितीही मोह झाला तरी. मुलं रोज ज्या नाक्यांवरून येतात तिथे बंदोबस्त वाढला की हजेरी घसरते. त्यामुळे हजेरीच्या ७५ टक्क्यांच्या आपल्या अटीला तिथे पर्याय शोधावा लागतो.

भेटी हव्याच. त्या नैरोबी, अदिस अबाबा किंवा इस्तंबूलमध्ये घ्या. मोगादिशूत परदेशी पाहुण्याला विमानतळालगतच्या हलाने भागातल्या तटबंदीत राहावं लागतं आणि बाहेर पडायला सशस्त्र सोबत लागते. त्याचा खर्च एखाद्या छोट्या शिष्यवृत्तीएवढा सहज होतो. हर्गेसा बरंच शांत आहे, पण सोमालीलँड म्हणजे सगळीकडे शांतता असंही नाही. २०२३ मध्ये लास अनोदला मोठी लढाई झाली. प्राध्यापक जाणारच असतील तर युद्धजन्य जोखीम धरणारा विमा घ्या. साध्या प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचलीत तर तो नेमका इथेच हात वर करतो.

पायरी ५: कोणत्या विषयात हात घालायचा

व्यवसाय प्रशासन आणि संगणक तिथे सगळेच शिकवतात. खडू, फळा आणि थोडी यंत्रं एवढ्यावर भागतं म्हणून. त्या गर्दीत आणखी एक एमबीए नको.

गरज दुसरीकडे आहे. पहिली परिचारिका आणि सुईणींची. सोमालियातलं माता मृत्यूचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक देशांच्या रांगेतलं आहे. हर्गेसात स्वतः सुईण असलेल्या एडना अदन यांनी २००२ मध्ये रुग्णालय उघडलं आणि तिथूनच सुईणींचं शिक्षण उभं केलं, पुढे त्याचं विद्यापीठ झालं. मुलींना या शाखेत पाठवायला घरचे तयार होतात, हाही भाग आहे.

दुसरी गरज पशुवैद्यकाची. बर्बेरा आणि बोसासो बंदरांतून बकऱ्या, मेंढ्या, उंट सौदी अरेबियाला जातात, हजच्या काळात तर प्रचंड. रिफ्ट व्हॅली तापाच्या भीतीने सौदीने १९९८ आणि २००० मध्ये आयात थांबवली, तेव्हा धनगरांपासून बंदरावरच्या हमालांपर्यंत सगळे होरपळले. रोगनिदान प्रयोगशाळा आणि ती चालवणारे तंत्रज्ञ यांच्यावर तिथलं पोट अवलंबून आहे. तिसरी मत्स्यव्यवसायाची: तीन हजार किलोमीटरहून लांब किनारा आणि प्रशिक्षित माणसं तुटपुंजी. नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आपल्याकडे आहेत, आणि सोमाली विद्यार्थी मात्र अजून संगणकाच्याच रांगेत उभा राहतो. हे बदलायला फार पैसे लागत नाहीत. चौथी गरज सौर ऊर्जेची. वीज खासगी कंपन्यांकडून येते, महाग पडते, आणि विद्यापीठ स्वतःच पहिलं गिऱ्हाईक ठरू शकतं.

पायरी ६: शिक्षक घडवा, आणि ते टिकतील असं बघा

इथे घाई करू नका, कारण सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. काल पदवी घेतलेला मुलगा आज त्याच वर्गासमोर उभा, हे तिथे सर्रास चालतं. एकच प्राध्यापक तासावर पैसे घेऊन दोन-तीन विद्यापीठांत शिकवतो. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, संशोधन कुठेच नाही.

माझा सल्ला असा. वीस मुलांना पदवीसाठी बोलावण्यापेक्षा सहा शिक्षकांना पीएचडीसाठी घ्या. त्यांना सलग चार वर्षं पुण्यात ठेवू नका. कोर्सवर्कपुरतं इथे आणा, माहिती गोळा करायला परत पाठवा, लिहायला पुन्हा बोलवा. संशोधनाचा विषय तिथलाच असू द्या: बोसासोतल्या बकऱ्यांचे आजार, मोगादिशूतल्या विहिरींचं पाणी, मोबाइल पैशांवर चालणारी दुकानं. विषय तिथला असला की माणूस तिथे परततो आणि मार्गदर्शकालाही नवं काही शिकायला मिळतं. सुरुवातीलाच तिथल्या विद्यापीठाकडून लिहून घ्या: पूर्ण वेळ पद, परतल्यावरचा पगार, आठवड्याला जास्तीत जास्त किती तास. परत येण्याचा बाँड एकट्या शिक्षकावर टाकायचा आणि विद्यापीठाला मोकळं सोडायचं, हा प्रकार मला पटत नाही. बांधील दोघांनीही असायला हवं.

हे जमतं, याचं उदाहरण सोमालीलँडमध्येच आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००० पासून तिथल्या वैद्यकीय शिक्षणाला हात दिला. अमूद आणि हर्गेसा विद्यापीठांचे विद्यार्थी ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडून रुग्णांच्या केसवर ऑनलाइन शिकले आणि अंतिम परीक्षेला बाहेरचे परीक्षक बसले. बाह्य परीक्षक ही तशी स्वस्त गोष्ट, पण पदवीचं वजन तिने वाढतं. आपल्याकडचे निवृत्त प्राध्यापक हे काम उत्तम करू शकतात.

पायरी ७: कागदपत्रांची घडी बसवा

सोमालिया अपोस्टील करारात नाही, त्यामुळे एका शिक्क्यावर काम होत नाही. मंत्रालय, दूतावास अशी साखळी लागते. १९९१ नंतर शालान्त परीक्षा खासगी शाळांच्या संघटना घेत आणि प्रमाणपत्रंही त्याच देत. केंद्र सरकारची एकत्रित परीक्षा २०१५ मध्ये परत आली. २०१९ मध्ये प्रश्नपत्रिका समाजमाध्यमांवर फुटल्या, सरकारने परीक्षा रद्द करून पुन्हा घेतली आणि त्या काळात समाजमाध्यमंच बंद ठेवली. म्हणजे २०१४ चं आणि २०१८ चं प्रमाणपत्र वेगवेगळ्या हातांनी दिलेलं असतं, आणि दोन्ही खरी असू शकतात. नमुना जुळत नाही म्हणून अर्ज फेटाळू नका.

नावांची गोष्ट तर आपल्या कारकुनांना रडवते. सोमाली माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं अशी तीन नावं असतात. १९७२ पासून सोमाली भाषा रोमन अक्षरांत लिहिली जाते, आणि त्यात "एक्स" हे अक्षर घशातल्या "ह"साठी येतं, तर "सी" अरबीतल्या "ऐन"साठी. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर इंग्रजी वळणाचं दुसरं आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर अरबी वळणाचं तिसरं. माणूस एकच. जन्मतारीखही पुष्कळदा १ जानेवारी असते, कारण नोंदच नसते. आपलं पोर्टल "आडनाव" हा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून विद्यार्थी आजोबांचं नाव टाकतो, आणि वर्षभराने एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या कागदाशी ते जुळत नाही. उपाय सोपा आहे: पहिल्या दिवशी पासपोर्टप्रमाणे एकच रूप ठरवा आणि बाकीची रूपं नोंदवणारं प्रतिज्ञापत्र फाइलला लावा.

याच्याही पुढचं काम म्हणजे भागीदार विद्यापीठाची कुलसचिव कचेरी उभी करून देणं. प्रत्येक पदवीला क्रमांक, पडताळणीसाठी ऑनलाइन कोड, गुणनोंदींची एक प्रत देशाबाहेरच्या सर्व्हरवर. इमारत गेली, मालक बदलले, तरी पदवीधराची नोंद राहिली पाहिजे. राष्ट्रीय विद्यापीठ १९९१ मध्ये कोसळल्यावर जुने पदवीधर गुणपत्रिका मागायला कुठे जाणार होते? परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी यूजीसीने २०२५ मध्ये स्वतःचे नियम आणले. तिथेही अर्जाला वजन येतं ते पडताळून पाहता येणाऱ्या नोंदीनेच.

पायरी ८: ऑनलाइन वर्ग

मोगादिशू आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आपले साडेदहा म्हणजे तिथले आठ. वेळ उत्तम जुळते. शुक्रवारी त्यांची सुट्टी, शनिवारी काम. येती काही वर्षं रमजान जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येतो, तेव्हा परीक्षा ठेवू नका.

इंटरनेट आता बरं आहे, पण २०१७ च्या जून-जुलैमध्ये एका जहाजामुळे समुद्रातली केबल तुटली आणि दक्षिण सोमालिया तीन आठवडे ऑफलाइन होता. व्याख्यानं आधी ध्वनिमुद्रित करा, फायली लहान ठेवा, पेनड्राइव्हवरून वाटता येतील अशा.

पायरी ९: करारात बाहेर पडण्याची वाट

करार तीन वर्षांचा असावा आणि दर वर्षी तपासणी. विद्यापीठ बंद पडलं, विकलं गेलं किंवा मान्यता गेली तर चालू विद्यार्थ्यांचं काय, हे कलम सगळ्यात आधी लिहा: कोणतं दुसरं विद्यापीठ त्यांना सामावून घेईल, नोंदी कुणाकडे जातील, भरलेली फी कोण परत करेल. शक्य असेल तर त्या दुसऱ्या विद्यापीठाचीही सही घ्या. तुमच्या नावाचा आणि बोधचिन्हाचा वापर कुठे करायचा, हेही लिहून ठेवा, नाहीतर प्रवेशाच्या दिवसांत ते मोगादिशूतल्या फलकावर झळकतं.

पहिल्या वर्षी फक्त तीन कामं हाती घ्या: दोन शिक्षकांची पीएचडी नोंदणी, एका विषयाला बाह्य परीक्षक आणि कुलसचिव कचेरीतल्या दोघांना नोंदव्यवस्थेचं प्रशिक्षण. नूतनीकरणाची वेळ आली की अहवालातले फोटो बाजूला ठेवा, आणि तुम्ही शिकवलेल्या माणसांपैकी किती जण आजही त्याच विद्यापीठात पूर्ण वेळ नोकरीवर आहेत, हे नावानिशी विचारा. उत्तर मिळाल्यावरच सही करा.